भागाकार कशानं करायचा?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'आपली लीग'. समोरच्या रांगेत बसलेल्या सरांना आणि बाईंना ही लीग काय भानगड आहे ते माहीत नाही. मागच्या रांगेतल्यांना नको तितकं माहीत आहे. त्यामुळे आधी थोडं सरांसाठी बोलतो. मागच्यांनी तोवर कुजबूज केली तरी चालेल, सवय आहेच.

सर, हा कल्पनेतला खेळ आहे. आयपीएलमधले खरे खेळाडू आपण कागदावर विकत घ्यायचे, खोट्या पैशानं. प्रत्यक्ष सामन्यात त्या खेळाडूनं धाव काढली की आपल्या खात्यात एक गुण, बळी घेतला की पंचवीस, झेल घेतला की आठ. मोसम संपला की ज्याचे गुण जास्त तो जिंकला. या प्रकाराची सुरुवात अमेरिकेतल्या ओकलंडची, १९६२ सालची. तिथल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघात भागीदारी असलेल्या बिल विंकनबाख नावाच्या गृहस्थानं मित्रांना जमवून नियम ठरवले आणि पुढच्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा खेळाडू वाटून घेतले. त्यांचा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा. पुढे त्यातूनच एक प्रकार निघाला, त्यात एकदा घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच ठेवता येतो. मग प्रश्न बदलतो. उद्या हा किती धावा काढेल, हे विचारून भागत नाही. हा पोरगा पाच वर्षांत एकूण किती देईल, हे विचारावं लागतं. आमची लीग त्या जातीची आहे. आठ जण, प्रत्येकाकडे शंभर खोटे रुपये, प्रत्येकाचे बारा खेळाडू, आणि दर वर्षी त्यातले सहा आपल्याकडे राखून ठेवायची मुभा. खऱ्या पैशाचा संबंध नाही. शेवटचा नंबर येईल त्यानं सगळ्यांना कुंथलगिरीचे पेढे द्यायचे, एवढीच शिक्षा. गुणांची वही माझ्याकडे, कारण मी लातूरला कॉलेजात सांख्यिकी शिकवतो आणि मला क्रिकेट खेळता येत नाही.

वही ठेवायची सवय मात्र याच शाळेतली. नववीत मला खो-खोचा गुणलेखक केलं होतं. पळता येत नाही पण अक्षर बरं आहे, एवढ्या गुणवत्तेवर. आपल्या गावात खो-खो म्हणजे काय, ते मी सांगायला नको. पुढं सारिका काळे इथूनच गेली, २०१६ च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार म्हणून सुवर्णपदक घेऊन आली आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या वेळी एवढं काही नव्हतं. एक मैदान होतं, दोन खांब होते, एक घड्याळ होतं, आणि मी.

कोणती मुलगी किती वेळ पळाली ते मी लिहायचो. मिनिटं आणि सेकंद. वर्षाच्या शेवटी जिल्ह्याच्या निवडीसाठी सरासरी मागितली, तेव्हा मी एकूण वेळेला डावांच्या संख्येनं भागलं आणि तक्ता देऊन टाकला. त्या तक्त्यात एक मुलगी खाली गेली आणि तिचं नाव वगळलं गेलं. ती तिसऱ्या तुकडीत पळायची. तिसरी तुकडी मैदानात येते तेव्हा डावातला थोडाच वेळ उरलेला असतो. तिचे चार डाव मला अजून पाठ आहेत. एक मिनिट दहा सेकंद, नाबाद. दोन मिनिटं, बाद. एक वीस, नाबाद. दीड मिनिट, नाबाद. एकूण सहा मिनिटं, भागिले चार, म्हणजे दीड मिनिट. पहिल्या तुकडीतल्या दोघींची सरासरी पावणेदोन होती. त्या गेल्या.

गणिताच्या सरांनी तो तक्ता सूचनाफलकावर पाहिला आणि मला वर्गाबाहेर बोलावून विचारलं, "भागाकार कशानं केलास?" म्हटलं, चारनं. "ती बाद किती वेळा झाली?" म्हटलं, एकदा. सर काही बोलले नाहीत, आत निघून गेले. क्रिकेटमध्ये फलंदाजाची सरासरी काढताना आपण धावांना डावांनी भागत नाही, जितक्या वेळा बाद झाला त्यानं भागतो. तो हिशोब लावला तर तिला एकदा बाद करायला सहा मिनिटं लागत होती. तीन वेळा तिला कुणी पकडलंच नव्हतं, शिट्टी वाजली म्हणून ती थांबली होती. संघात सगळ्यात अवघड गडी तीच होती, आणि माझ्या सुवाच्य अक्षरातल्या तक्त्यानं तिला घरी बसवलं. तोवर नावं पाठवून झाली होती. ती आज इथं, डावीकडे तिसऱ्या रांगेत बसली आहे. सकाळी चहाच्या वेळी मी तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "मला वाटायचं, मीच हळू होते." एकोणतीस वर्षं.

असो. लीगकडे येतो.

२०२२ च्या फेब्रुवारीत लीग सुरू झाली. वेळ अशी होती की ५ तारखेला आपल्या एकोणीस वर्षांखालच्या मुलांनी अँटिग्वात इंग्लंडला हरवून विश्वचषक जिंकला होता, आणि त्या संघात तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर होता. आयर्लंडविरुद्ध त्यानं १७ चेंडूंत नाबाद ३९ काढल्या होत्या, पाच षटकारांसह. आठवडाभरात बंगळूरला आयपीएलचा मोठा लिलाव झाला आणि ३० लाख मूळ किमतीच्या या मुलाला चेन्नईनं दीड कोटीला घेतलं. आपल्या जिल्ह्यातला पोरगा धोनीच्या संघात! आपल्या तुळजापूरकर मित्रानं आमच्या लिलावात त्याच्यासाठी शंभरातले बावीस रुपये मोजले. मी आदल्या दिवशी सगळ्यांना एक तक्ता पाठवला होता, त्यात त्याची किंमत सात लिहिली होती. तुळजापूरकर मला म्हणाला, "तू लातूरला गेलास आणि तिकडचाच झालास." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या मोसमात हंगरगेकरला चेन्नईनं एकही सामना दिला नाही. बावीस रुपयांचे शून्य गुण.

पुढच्या वर्षी ३१ मार्चला, अहमदाबादला, मोसमाचा पहिलाच सामना चेन्नई विरुद्ध गुजरात. हा सामना मी वर्गात दर वर्षी शिकवतो, कारण त्यात तीन मराठी मुलं आहेत आणि तिघांत मिळून माझा निम्मा अभ्यासक्रम आहे. ऋतुराज गायकवाडनं ५० चेंडूंत ९२ केल्या. हंगरगेकर पहिल्यांदा आयपीएल खेळत होता, त्यानं चार षटकांत ३६ धावा देऊन तीन बळी घेतले, साहा, साई सुदर्शन आणि विजय शंकर. आणि कल्याणचा तुषार देशपांडे. त्या वर्षी बदली खेळाडूचा नवा नियम आला होता. अंबाती रायुडूच्या जागी देशपांडे उतरला, या नियमानं उतरलेला आयपीएलमधला तो पहिला खेळाडू, आणि त्यानं साडेतीन षटकंही न टाकता ५१ धावा दिल्या, बळी एक. चेन्नई हरली.

त्या रात्री आमच्या गटावर काय झालं, ते मागच्या रांगेला आठवत असेल. तुळजापूरकरानं आई तुळजाभवानीच्या जयघोषाचे बारा संदेश टाकले. आणि उमरग्याचे आपले डॉक्टर, ज्यांनी देशपांडेला तीन रुपयांत घेतलं होतं, त्यांनी लिहिलं, "देशपांडे कुणाला पाहिजे का? हंगरगेकर द्या, वर माझ्याकडून एक फलंदाज घ्या." तुळजापूरकर म्हणाला, एक काय, अकरा दिले तरी नाही. मग दोघांनी मला विचारलं, वही काय म्हणते?

वहीत मी काय करतो ते सांगतो. गुंतागुंतीचं काही नाही. सामना एकच झालेला असतो तेव्हा त्या एका सामन्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून मी प्रत्येक नवख्या खेळाडूला दहा साधारण सामने उसने देतो. नवख्या वेगवान गोलंदाजाला सामन्यामागे एक बळी, म्हणजे पंचवीस गुण, असं धरून दहा सामन्यांचे अडीचशे गुण त्याच्या खात्यात आधीच लिहून ठेवतो. मग त्याचे खरे गुण त्यात मिळवायचे आणि एकूण सामन्यांनी भागायचं. हंगरगेकरचे खरे गुण पंचाहत्तर. अडीचशे अधिक पंचाहत्तर, भागिले अकरा, साडेएकोणतीस. देशपांडेचे खरे पंचवीस. अडीचशे अधिक पंचवीस, भागिले अकरा, बरोबर पंचवीस. त्या रात्री डोळ्यांना दोघांत पन्नास गुणांचा फरक दिसत होता, वहीत तो साडेचार होता. दहाच सामने का, असं मला विद्यार्थी विचारतात. दहा हा माझा अंदाज आहे. पाच धरले तर फरक आठाच्या आसपास जातो, वीस धरले तर अडीचच्या खाली येतो. पन्नास काही केल्या राहत नाही. खरे सामने वाढत गेले की उसन्या सामन्यांचं वजन आपोआप कमी होतं. पन्नास सामने खेळलेल्याला माझ्या उसनवारीची गरजच नाही.

विज्ञानाच्या बाईंसाठी सांगतो, यामागचा विचार जुना आहे. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ साली आईबाप आणि मुलं यांच्या उंच्या मांडल्या. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात खरी, पण सरासरीनं आईबापांइतकी नाहीत. फार बुटक्यांची मुलं आईबापांपेक्षा थोडी उंच निघतात. टोकाची मोजणी पुन्हा केली की मधल्या बाजूला सरकते. एखाद्या दिवशी जे टोकाचं दिसतं, त्यात थोडी कुवत असते आणि थोडा तो दिवस असतो. पुढच्या वेळी कुवत सोबत येते, दिवस येत नाही.

हे दोन्ही बाजूंनी लागू पडतं, आणि खालच्या बाजूनं त्याचा खरा उपयोग होतो. लीगमधली आपली बँकेतली मैत्रीण, चार वर्षांत दोनदा जिंकलेली, तिनं २०२२ मध्ये गायकवाडला एकतीस रुपयांना घेतलं. त्या मोसमात त्याच्या पहिल्या तीन धावसंख्या होत्या शून्य, एक आणि एक. तीन सामन्यांत दोन धावा! पाच जणांनी तिला सांगितलं, विकून टाक. तिनं मला फोन केला. मी वही उघडली. आधीच्या दोन मोसमांत त्यानं २२ सामन्यांत ८३९ धावा केल्या होत्या, सामन्यामागे अडतीस. या तीन सामन्यांच्या दोन धावा मिळवल्या तर २५ सामन्यांत ८४१, म्हणजे सामन्यामागे साडेतेहतीसच्या वर. एवढाच उतार. शिवाय त्याची सुरुवात आठवा, २०२० ची. शून्य, पाच, शून्य. आणि लगेच पुढचे तीन डाव नाबाद ६५, ७२, नाबाद ६२. तेव्हा पहिल्या तीन डावांवर कुणी त्याला सोडलं असतं, तर पुढच्या वर्षीच्या ६३५ धावा हातच्या गेल्या असत्या. तिनं त्याला ठेवला. २०२२ ला ३६८, मग ५९०, मग ५८३. २०२५ ला कोपराच्या दुखापतीनं पाच सामन्यांतच थांबला, १२२ धावा. चार वर्षांच्या १६६३ धावा एकतीस रुपयांत. मी वर्गात सांगतो की सांख्यिकीचा मोठा उपयोग हुशारीपेक्षा धीर धरायला होतो. खरं तर तिच्याकडे धीर आधीच होता. तिनं फक्त माझ्याकडून लेखी घेतला.

आता माझी चूक. साडेएकोणतीस आणि पंचवीस, म्हणजे माझी वहीसुद्धा हंगरगेकरच्याच बाजूची होती, थोडीशी का होईना. मी तुळजापूरकराला लिहिलं, "बदलू नकोस, फार फरक नाही." त्यानं बदललं नाही. त्या मोसमात हंगरगेकरला अजून एकच सामना मिळाला, त्यात बळी नाही. दोन सामने, तीन बळी. आणि पहिल्या रात्री ५१ धावा दिलेला देशपांडे सोळा सामने खेळला आणि त्यानं एकवीस बळी घेतले. पुढच्या वर्षी आणखी सतरा. दोन वर्षांचे अडतीस बळी, साडेनऊशे गुण, डॉक्टरांना तीन रुपयांत. अजूनही डॉक्टर दवाखान्यात पेशंटना हे सांगतात, असं ऐकलं.

वहीचं कुठं चुकलं? सामन्यामागे किती गुण, याचा अंदाज वाईट नव्हता. देशपांडेला सोळा सामन्यांत एकवीस बळी, म्हणजे सामन्यामागे तेहतीसच्या आत गुण. माझा पंचवीस होता. चुकलं ते हे, की किती सामने मिळतील ते मी विचारलंच नाही. चेन्नईचा मुकेश चौधरी पाठीच्या दुखापतीनं मोसमाआधीच बाहेर गेला होता, एक जागा मोकळी होती, आणि मार खाल्ल्यावरही कर्णधारानं देशपांडेच्याच हातात चेंडू ठेवला. ही बातमी वर्तमानपत्रात होती. माझ्या वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

तेव्हापासून मी वेगळं मांडतो. समजा एका वीस वर्षांच्या गोलंदाजाचे सामन्यामागे सत्तावीस गुण आणि वर्षाला दहा सामने, म्हणजे वर्षाचे दोनशे सत्तर. पुढची वर्षं अनिश्चित म्हणून प्रत्येक पुढच्या वर्षाचं मोल आधीच्याच्या चार पंचमांश धरायचं. पाच वर्षांची बेरीज होते साधारण नऊशे आठ. आता सामन्यामागचे गुण सत्तावीसचे एकोणतीस केले, तर ही बेरीज वाढते सदुसष्टनं. पण सामने दहाचे पाच केले, तर ती थेट निम्मी होते, साडेचारशे. आम्ही ज्यावर रात्र-रात्र भांडतो, त्या कौशल्याच्या फरकानं किंमत इकडची तिकडे होते थोडीशी. संधी मिळणार की नाही, यानं ती दुप्पट होते किंवा निम्मी. आणि संधी खेळाडूच्या हातात निम्मीच असते. गुडघा, खांदा, संघातली गर्दी, कर्णधाराची मर्जी, नवा नियम. त्या पोरीची तिसरी तुकडी.

म्हणून मला हंगरगेकरबद्दल बोलताना जपून बोलावंसं वाटतं. या मुलानं २८ नोव्हेंबर २०२२ ला विजय हजारे स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात उत्तर प्रदेशचे पाच गडी बाद केले. कुणाला आठवत नाही, कारण त्याच सामन्यात गायकवाडनं एका षटकात सात षटकार मारून नाबाद २२० केल्या. जुलै २०२३ मध्ये कोलंबोला पाकिस्तान अ संघाविरुद्ध ४२ धावांत पाच बळी. आमच्या लीगमध्ये याचे गुण शून्य, कारण आम्ही फक्त आयपीएल मोजतो. २०२४ च्या लिलावात लखनौनं त्याला ३० लाखांत घेतलं आणि देशपांडे साडेसहा कोटींना राजस्थानकडे गेला. हे आकडे बाजाराचे. विशीतल्या पोराचं अख्खं खेळणं अजून पुढं पडलं आहे. वहीत जे मोल लिहिलंय ते माझ्या अंदाजाचं मोल आहे, त्याचं नाही.

आता जे सांगायचं म्हणून मी हे भाषण कबूल केलं, ते. ज्याचं आहे त्याची परवानगी घेतली आहे. नाव सांगू नको, गावही सांगू नको, एवढंच तो म्हणाला.

आपल्यातला एक जण माझे तक्ते फोनमध्ये साठवून ठेवायचा. २०२४ च्या मोसमात तो ते घेऊन एका ऍपवर खऱ्या पैशानं खेळत होता. रोज संध्याकाळी, सामन्याला सामना. सुरुवातीला पन्नास रुपये, मग पाचशे, मग एका रात्रीत अनेक संघ. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे खात्यात होते. मे अखेरपर्यंत त्यातले शहाऐंशी हजार गेले. मला कळलं जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, जेव्हा त्यानं बियाणाला पैसे मागितले. मी विचारलं, "अरे, पण खेळाडू कसे निवडायचास?" तो म्हणाला, "तुझ्या तक्त्यावरून की." घरातल्यांनाही त्यानं हेच सांगितलं होतं. प्राध्यापकाचा तक्ता आहे, म्हणून.

मी दोन दिवस झोपलो नाही. मग कागद घेऊन त्याच्या घरी गेलो आणि त्याच्यासमोर मांडणी केली. तीच तुम्हाला सांगतो. माझ्या तक्त्यात गोलंदाजापुढे पंचवीस लिहिलेलं असतं. ते पाच वर्षांच्या हिशोबातलं पंचवीस आहे. त्यातला एखादा सामना घ्या. कधी शून्य, कधी पंचवीस, कधी पन्नास, क्वचित पंचाहत्तर. एका रात्रीत काय येईल, ते तक्ता सांगतच नाही, सांगू शकत नाही. पाऊसमानाची तीस वर्षांची सरासरी घेऊन उद्या छत्री न्यायची का, हे ठरवण्यासारखं आहे ते. आमच्या लीगमध्ये चूक झाली तर पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी ती भरून निघायला वेळ असतो. तिथं रात्री अकरा वाजता हिशोब बंद.

आणि दुसरं. समजा शंभर जणांनी पन्नास-पन्नास रुपये टाकले. पाच हजार जमले. बक्षिसं वाटली चार हजार दोनशेंची, बाकीचे चालवणाऱ्याचे. म्हणजे सगळे सारखेच हुशार असतील, तर प्रत्येकाच्या पन्नासाचे सरासरी बेचाळीस परत येतात. तेही सरासरी. पहिले दोनचार मोठी रक्कम नेतात, बरेचसे रिकाम्या हातानं जातात. जिंकायचं तर बाकीच्यांपेक्षा थोडं हुशार असून चालत नाही, तो आठ रुपयांचा खड्डा रोज भरून वर यावं लागतं. आणि माझ्या तक्त्यासारखे तक्ते हजारोंकडे असतात. सगळ्यांना ठाऊक असलेल्या माहितीवर कुणी जिंकत नाही. हे सगळं तो शांतपणे ऐकत होता. शेवटी त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, हे तक्त्याच्या वर का नाही लिहिलं?"

२०२५ च्या ऑगस्टात संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावायचे हे खेळ बंद करण्यात आले. आमच्या मित्रासाठी तो सव्वा वर्ष उशिरा आला. यावर मतं वेगळी आहेत, इथंही असतील. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद झाले. माझं मत विचाराल तर पाच वर्षांच्या लीगमध्ये कौशल्य बरंच आहे, एका रात्रीच्या खेळात थोडंसं आहे, आणि त्या थोड्याशाच्या नावावर बाकीचं विकलं जात होतं.

मी माझ्या वहीत तीन बदल केले. तक्ता आता मोसम सुरू असताना कुणाला पाठवत नाही, मोसम संपल्यावरच. प्रत्येक खेळाडूपुढे एक आकडा न लिहिता दोन लिहितो, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की मलाही नक्की माहीत नाही. हंगरगेकरपुढे पाच वर्षांसाठी शंभर ते एक हजार असं लिहिलं, तर तुळजापूरकर म्हणाला, "याला काय अंदाज म्हणतात?" म्हटलं, यालाच म्हणतात. आणि तिसरा, प्रत्येक नावापुढे 'मिळालेली संधी' असा रकाना केला आहे, तो सगळ्यात आधी भरायचा.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पाणी आलं, परंडा-भूमकडचे आपले काही जण आज येऊ शकले नाहीत. लीगमधल्या एकाची बारा एकर गेली. त्यामुळे यंदाचा आमचा लिलाव थोडा लहान आहे, आणि पेढ्यांचे पैसे तिकडे पाठवायचे ठरले आहेत. डॉक्टरांचाही त्याला होकार आहे.

लिलाव संध्याकाळी पाच वाजता, मैदानाच्या कडेच्या ओट्यावर. पाहायला यायचं असेल त्यांनी या. तुळजापूरकरानं राखून ठेवायच्या सहा जणांची यादी सकाळीच दिली आहे. पहिलं नाव हंगरगेकर. मी काही बोललो नाही. आणि या वर्षीपासून वही माझ्याकडे नाही. शहाऐंशी हजारवाल्या आपल्या मित्रानं ती मागून घेतली आहे. काल रात्री त्यानं पहिलं पान आखलं, आणि मला विचारलं, भागाकार कशानं करायचा.